लिव्हरवाली पॉइंट टू-टू घेताना: आधी कागद, मग नळी, शेवटी इसार

रायफल आधी पसंत करायची, भावनेच्या भरात इसार द्यायचा आणि मग परवान्याचं बघायचं, हा उलटा क्रम जळगाव-धुळ्याकडे मी इतक्यांदा पाहिला आहे की तो एकदा सविस्तर लिहून टाकणं गरजेचं वाटलं. इसार अडकतो, सहा महिने जातात, आणि शेवटी हातात येते ती रायफल काडतूस अडकवणारी निघते. मी स्वतः पहिल्यांदा असाच चुकलो. दस्त्याचं अक्रोडाचं लाकूड आणि काळीभोर झळाळी पाहून पैसे दिले, नळीत डोकावलोच नाही. नळीच्या मधोमध काळी रिंग होती. ती नळी फुगलेली होती.

हा लेख .२२ लाँग रायफल काडतुसाच्या लिव्हर ॲक्शन रायफलीबद्दल आहे. ट्रिगरभोवतीची कडी खाली-पुढे ढकलून परत ओढली की पुढचं काडतूस चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाला काडतूस बसण्याच्या जागेत, जातं, तीच ही रायफल. टप्पे दिलेल्या क्रमानेच घ्या. पुढचा टप्पा आधी उरकायचा मोह होईल, पण तिथेच पैसे बुडतात.

## टप्पा १: काम ठरवा

या रायफलीचं काम म्हणजे २५ ते ५० मीटरवर कागदी निशाण किंवा लोखंडी पट्टी. नेहमीच्या काडतुसाची शिशाची गोळी ४० ग्रेनची, म्हणजे साधारण २.६ ग्रॅमची असते. धक्का जवळजवळ नाही, आवाज कमी, आणि सरावाला दुसरं इतकं चांगलं शस्त्र नाही.

रावेर-यावलच्या केळीत रानडुक्कर घुसतं किंवा हरभऱ्यात रोही (नीलगायी) बसतात म्हणून ही रायफल घेऊ नका. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ नुसार वनखात्याच्या लेखी परवानगीशिवाय त्यांच्यावर गोळी झाडणं गुन्हा आहे, नुकसान तुमच्या स्वतःच्या शेतातलं असलं तरी. परवानगी मिळाली तरी या गोळीने डुक्कर मरत नाही. ते जखमी होऊन उसात शिरतं आणि दुसऱ्या दिवशी पाणी भरणाऱ्या माणसावर चाल करून येतं. पीक गेलं असेल तर पंचनामा करून भरपाईचा अर्ज करा.

इशारा: गोळी बारीक असली तरी ती दीड किलोमीटरच्या पुढे जाऊ शकते. तापीकाठची आपली जमीन सपाट आहे, आणि केळीचं खोड गोळी अडवत नाही. मागे मातीचा उंच बांध नसेल तिथे गोळी झाडायची नाही.

## टप्पा २: परवाना हातात घ्या, नीट वाचा

शस्त्र कायदा १९५९ प्रमाणे वय २१ पूर्ण हवं. जिल्ह्यात परवाना जिल्हादंडाधिकारी, म्हणजे कलेक्टर देतात. पोलीस चौकशी होते, वैद्यकीय दाखला आणि शस्त्र सुरक्षिततेच्या प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र लागतं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर परवान्याची मुदत ३ ऐवजी ५ वर्षांची झाली, आणि सामान्य परवानाधारकाला जास्तीत जास्त दोनच शस्त्रं ठेवता येतात. आजोबांची जुनी बारा बोअर आणि आणखी एखादं शस्त्र तुमच्या परवान्यावर आधीच चढलेलं असेल तर तिसरी जागा नाही. बऱ्याच जणांना हे सौदा झाल्यावर कळतं.

परवाना हातात आला की या गोष्टी त्यात शोधा: युनिक आयडी क्रमांक, शस्त्राचा प्रकार, शस्त्र विकत घेण्यासाठी दिलेली मुदत, काडतुसांची मर्यादा आणि परवाना कुठल्या क्षेत्रापुरता चालतो ते. प्रकाराच्या रकान्यात पिस्तूल किंवा बारा बोअर लिहिलं असेल तर त्या परवान्यावर रायफल मिळणार नाही. आधी बदल करून घ्या. खरेदीची मुदत संपत आली असेल तर ती संपण्याआधी वाढीचा अर्ज द्या.

खानदेशातल्या वाचकांसाठी एक खास बाब. यावल अभयारण्य, शिरपूरकडचं अनेर धरण अभयारण्य, चाळीसगावच्या बाजूचं गौताळा: यांपैकी कुठल्याही अभयारण्याच्या १० किलोमीटरच्या आत राहत असाल तर वन्यजीव कायद्याचं कलम ३४ तुम्हाला लागू होतं. तिथे मुख्य वन्यजीव रक्षकांच्या पूर्वसंमतीशिवाय नवा शस्त्र परवाना देता येत नाही. ज्यांच्याकडे परवाना आधीपासून आहे त्यांनाही नोंदणीचं बंधन आहे. अर्ज महिनोन्‌महिने का पडून आहे याचं उत्तर कधी कधी इथे असतं. वनविभागाच्या कार्यालयात जाऊन विचारा.

तपासणी: परवान्याची छायाप्रत मोबाईलमध्ये आहे म्हणून पुढे जाऊ नका. मूळ परवाना हातात हवा.

## टप्पा ३: बाजारात काय मिळतं ते समजून घ्या

सामान्य परवानाधारकाला परदेशातून रायफल मागवता येत नाही. आपल्याकडे बनणारी .२२ स्पोर्टिंग रायफल बोल्ट ॲक्शनची, म्हणजे नळीमागची खिट्टी हाताने मागे-पुढे सरकवून चालवायची आहे. म्हणजे लिव्हरवाली हवी तर बऱ्याच वर्षांपूर्वी देशात आलेली, हातोहात फिरलेली रायफलच घ्यावी लागणार. त्यामुळे नावापेक्षा तिची आजची अवस्था महत्त्वाची. तरी नावं ओळखता यायला हवीत.

मार्लिन ३९-ए जड आहे आणि सगळी पोलादी. तिचा मोठा फायदा असा की बाजूचा एक स्क्रू सोडला की तिचे दोन तुकडे होतात आणि नळी मागच्या बाजूने साफ करता येते. याचं महत्त्व टप्पा ६ मध्ये कळेल. विंचेस्टर ९४२२ ही १९७२ ते २००५ या काळात बनली. तिची चाल मऊ आहे आणि तिला मागणी खूप, म्हणून भावही चढा. ब्राउनिंग बीएल-२२ जपानमध्ये मिरोकू कंपनीने बनवलेली. तिचा लिव्हर जेमतेम ३३ अंश फिरतो आणि ट्रिगर लिव्हरबरोबरच खाली जातो, म्हणून बोट चिमटत नाही. लहान चणीच्या माणसाला ती फार सोयीची. जर्मनीच्या एर्मा कंपनीची ईजी ७१२ दिसायला जुन्या विंचेस्टरसारखी. हेन्री एच००१ हलकी आणि गुळगुळीत चालीची, पण ती १९९७ नंतरची असल्याने आपल्याकडे कुणी दाखवली तर कागद दुप्पट बारकाईने पाहा.

माझी पसंती विचाराल तर मार्लिन. वजन जास्त असल्याने उभं राहून नेम धरताना ती कमी हलते, आणि सफाई सोपी असल्याने जुन्या मार्लिनची नळी बहुधा चांगली सापडते. पण खराब मार्लिनपेक्षा चांगली एर्मा कधीही घ्यावी.

इशारा: नळीवर कोरलेला काडतुसाचा प्रकार स्वतः वाचा. "शॉर्ट, लाँग, लाँग रायफल" असं असेल तर ठीक. काही मॉडेलची मॅग्नम, म्हणजे जास्त ताकदीच्या काडतुसाची, आवृत्तीही असते. मॅग्नमचं चेंबर रुंद असतं. त्यात साधं लाँग रायफल काडतूस सैल बसतं आणि उडवल्यावर केस, म्हणजे काडतुसाचं पितळी कवच, फाटून गरम वायू तोंडाकडे येतो.

## टप्पा ४: रायफल पाहायच्या आधी तिचे कागद पाहा

आमचे धुळ्याकडचे एक मामा दारात आलेल्या दलालाला एकच वाक्य ऐकवायचे: "पयले कागद दखाड, मंग पैसानं बोलूत." रायफल एकदा हातात घेतली की माणूस कागदाकडे कानाडोळा करतो, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

विकणाऱ्याच्या परवान्यावरचा रायफलीचा क्रमांक आणि पोलादावर कोरलेला क्रमांक, अंक-अक्षर जुळवून पाहा. क्रमांक घासलेला, पुन्हा ठोकलेला किंवा अर्धवट दिसला तर तिथूनच परत फिरा, किंमत कितीही कमी असो. मालक वारला असेल आणि मुलगा विकत असेल, तर शस्त्र आधी वारसाच्या नावे किंवा अधिकृत विक्रेत्याकडे कायदेशीररीत्या जमा झालेलं असलं पाहिजे. "वडिलांच्या परवान्यावर आहे, करून घेऊ नंतर" हे ऐकलं की उठा.

परवानाधारकाकडून थेट घेत असाल तर कायद्याचं कलम ५ लक्षात ठेवा. विकणाऱ्याने खरेदीदाराचं नाव-पत्ता देऊन जिल्हादंडाधिकाऱ्यांना किंवा जवळच्या पोलीस ठाण्याला लेखी कळवायचं, आणि त्यानंतर किमान ४५ दिवस थांबायचं. मगच हस्तांतर. या ४५ दिवसांत पुढचे तीन टप्पे आरामात होतात, म्हणून घाई करायचं कारणच उरत नाही.

तपासणी: कळवल्याच्या अर्जावर पोच आहे का? पोच नाही तर दिवस मोजायला सुरुवात झालेली नाही.

## टप्पा ५: रिकामी करा आणि खांद्याला लावा

हाताळण्याआधी रिकामी करण्याची रीत शिकून घ्या. लिव्हर रायफलीत नेमकी इथेच चूक होते. मॅगझिन म्हणजे नळीखालची लांब नळकांडी. तिची आतली पितळी नळी बाहेर काढून रायफल तिरपी केली की काडतुसं पडतात, आणि लोकांना वाटतं झाली रिकामी. एक काडतूस चेंबरमध्ये आणि एक उचलणाऱ्या पट्टीवर, म्हणजे कॅरिअरवर, राहू शकतं.

योग्य क्रम असा. नळीचं तोंड सुरक्षित दिशेला, बोट ट्रिगरबाहेर. आतली नळी काढा. लिव्हर पूर्ण खाली, पूर्ण वर, असं चार-पाच वेळा करा. मग लिव्हर खाली ठेवून चेंबरमध्ये आणि कॅरिअरवर डोळ्याने पाहा आणि करंगळीने चाचपा. दुसऱ्याने आत्ताच तपासली असली तरी स्वतः पुन्हा तपासा.

आता डोळे मिटून रायफल खांद्याला लावा, गाल दस्त्यावर टेकवा आणि डोळे उघडा. नेम धरायची मागची खाच आणि पुढची माशी (दोन्ही मिळून साइट) आपोआप एका रेषेत दिसायला हवी. मान ताणावी लागली तर दस्ता तुमच्यासाठी लांब किंवा उंच आहे. गाल टेकलेला असताना अंगठा आणि नाक यांच्यात दोन-तीन बोटांचं अंतर राहावं. मग खांद्यावरून न उतरवता लिव्हर चालवून पाहा. लिव्हर ॲक्शनचा सगळा फायदा यातच आहे. दर वेळी रायफल खाली घ्यावी लागत असेल तर तुमच्या हाताला ती जुळत नाही.

## टप्पा ६: तपासणी, सर्वात जास्त वेळ इथे द्या

एक छोटी टॉर्च, पांढरा कागद, कापसाचा बोळा, लाकडी काठी आणि भिंग सोबत न्या. उन्हात नाही, सावलीत बसून पाहा. किमान एक तास.

नळी. लिव्हर उघडून चेंबरजवळ पांढरा कागद धरा, त्यावर टॉर्च मारा आणि पुढच्या टोकाकडून आत पाहा. पेचदार चर कडेपर्यंत धारदार दिसावेत. सगळीकडे सारखा मळकट रंग असेल तर बहुधा शिसं आणि मेण आहे, साफ होतं. ठिपके म्हणजे गंजाचे खड्डे, ते जात नाहीत. एखादी गोल काळी सावली कडीसारखी दिसली तर तिथे नळी फुगलेली आहे. नळीत अडकलेल्या गोळीवर दुसरी गोळी उडवल्याचा तो पुरावा. बाहेरून त्या जागी बोट फिरवलं तर कधी कधी उंचवटाही लागतो. अशी रायफल फुकटही नको.

नळीचं तोंड. बहुतेक लिव्हर रायफली मागून साफ करता येत नाहीत. सफाईचा गज पुढूनच घालावा लागतो आणि वर्षानुवर्षं तो कडेला घासतो. गोळी नळी सोडताना शेवटचा स्पर्श याच कडेला करते. ती एका बाजूला झिजली की नेम जातो, मग नळी आत आरशासारखी का असेना. कापसाचा बोळा तोंडाच्या आतल्या कडेवरून हलकेच फिरवा. तंतू अडकले तिथे खरवड आहे. भिंगातून पाहताना कडा सर्व बाजूंनी सारखी दिसली पाहिजे.

चेंबरची कडा. .२२ काडतुसात दारू पेटवणारं मिश्रण मधोमध नसून बुडाच्या काठात असतं, म्हणून फायरिंग पिन काठावर आपटते. चेंबर रिकामं ठेवून चाप ओढत राहिलं तर जुन्या रायफलींत पिन चेंबरच्या कडेवर आदळून खाच पाडते. मग काडतूस अडकतं किंवा उडत नाही. टॉर्चच्या उजेडात कडेवर चिरेसारखी खूण शोधा. तपासताना तुम्हीही रिकामा चाप ओढू नका. उडालेलं रिकामं केस चेंबरमध्ये घालून मगच ओढा.

चेंबरचा आतला भाग. कुणी वर्षानुवर्षं आखूड शॉर्ट काडतुसं वापरली असतील तर त्यांच्या टोकापुढे एक कडी झिजलेली किंवा जळालेली असते. लांब केस तिथे रुतून बसतं. डोळ्याला हे अवघड दिसतं. टप्पा ७ मधली उडालेली केसं ते सांगतील.

हॅमर. रायफल रिकामी असल्याची पुन्हा खात्री करून हॅमर, म्हणजे पिनवर आपटणारा घोडा, पूर्ण मागे घ्या आणि ट्रिगरला हात न लावता अंगठ्याने मागून पुढे ढकला. तो पडता कामा नये. मग हॅमर अर्ध्या खाचेत, म्हणजे तो निम्म्यावर अडकतो तिथे, ठेवून ट्रिगर बेताने दाबा. तेव्हाही पडता कामा नये. यातली एकही गोष्ट बिघडलेली असेल तर खाच झिजली आहे किंवा कुणीतरी "ट्रिगर हलका" करायला कानस मारली आहे. ही रायफल हातातून पडली तर गोळी सुटू शकते.

लिव्हर. चाल सुरुवातीपासून शेवटपर्यंत सारखी हवी. बंद केल्यावर लिव्हर थोडा डुगडुगला तर चालतं, आपोआप उघडला तर नाही.

मॅगझिनची नळकांडी. पातळ पत्र्याची असते. जीपच्या टपावर आपटून आलेला चण्याएवढा पोचाही काडतुसं अडवतो. आतली पितळी नळी सरळ आहे का आणि स्प्रिंग शेवटपर्यंत ढकलते का, तेही पाहा.

स्क्रू आणि लाकूड. स्क्रूच्या खाचा फाटलेल्या असतील तर घरगुती पेचकसाने कुणीतरी ती उघडली आहे. काय बदललं ते विचारा. दस्ता जिथे पोलादाला मिळतो तिथे बारीक तडा शोधा. आपल्याकडच्या मे महिन्याच्या कोरड्या उन्हाने लाकूड आकसतं आणि तडा तिथूनच सुरू होतो.

तपासणी: नवी काळी झळाळी दिसली की खूश होऊ नका, शंका घ्या. कोरलेली अक्षरं बोथट झाली असतील तर घासून पुन्हा रंग चढवला आहे, आणि खालचा गंज झाकला आहे.

## टप्पा ७: उडवून पाहा

परवानगी असलेल्या शूटिंग रेंजवर, परवानाधारक मालकाच्या समोर. शेतात नाही, नदीपात्रात तर मुळीच नाही. डोळ्यांना चष्मा, कानांना बोळे.

काडतुसं तुम्ही पुढे जी वापरणार तीच घ्या. आपल्याकडे सहज मिळणारी म्हणजे खडकीच्या कारखान्याची केएफ. भरताना आतली पितळी नळी खाचेच्या वर ओढा आणि काडतूस बुडाकडून सोडा, गोळीचं टोक पुढे. हात नळीच्या तोंडासमोर आणायचा नाही.

पहिली गोळी एकटीच भरा. केस बाहेर पडलं की उचलून पाहा. काठ फाटलेला, बूड फुगलेलं किंवा अंगावर खोल ओरखडे असतील तर थांबा. ठीक असेल तर दहा भरा आणि लिव्हर जोरकस, पूर्ण चालवा. नवखे लिव्हर अर्धवट ढकलतात, मग चेंबर रिकामं राहतं किंवा दोन काडतुसं एकमेकांत अडकतात, आणि दोष रायफलीला दिला जातो. पूर्ण चालवूनही अडकली तर दोष खरा.

नंतर वाळूच्या पिशवीवर टेकवून ५० मीटरवर पाच-पाच गोळ्यांचे तीन गट घ्या. उघड्या साइटवर पाचही ५ सेंटिमीटरच्या वर्तुळात आल्या तर जुनी लिव्हर रायफल उत्तम. ८ पर्यंत सरावाला चालेल. गट दाटीवाटीचा पण एका बाजूला पडत असेल तर काळजी नको, साइट सरकवता येते. विखुरलेला गट मात्र साइट सरकवून सुधारत नाही. आणखी एक: साइट ५० मीटरला बसवली की १०० मीटरवर गोळी १५ सेंटिमीटर किंवा त्याहून खाली पडते, त्यामुळे तिथे पाहून रायफल नाकारू नका.

इशारा: चाप ओढला आणि उडाली नाही तर नळी निशाणाकडे धरून ३० सेकंद थांबा, मग चेहरा बाजूला ठेवून लिव्हर उघडा. "फुस्स" असा दबका आवाज आला तर गोळी नळीत अडकलेली असू शकते, लगेच थांबा, रायफल रिकामी करा आणि काठी घालून नळी मोकळी असल्याची खात्री करा. माझ्या पहिल्या रायफलीची नळी अशाच दुर्लक्षाने फुगली होती.

## टप्पा ८: आता इसार, आणि लगेच नोंद

भाव या टप्प्यावर बोला. सापडलेला प्रत्येक दोष कागदावर लिहून समोर ठेवा. व्यवहार लेखी करा: रायफलीचा क्रमांक, दोघांचे परवाना क्रमांक, तारीख. पैसे बँकेतून द्या. ताबा घेतल्यावर परवान्यावर नोंद करून घेण्यात एक दिवसही घालवू नका, आणि विकणाऱ्याच्या परवान्यावरून ती उतरली आहे हेही डोळ्याने पाहा. एकच रायफल दोन परवान्यांवर राहिली तर त्रास दोघांनाही होतो.

काडतुसं विकत घेतल्यावर प्रत्येक पावती जपा. शिल्लक आणि खर्च यांचा हिशेब लागतो.

## टप्पा ९: घरी आणल्यावर

कुलूपबंद लोखंडी कपाट, काडतुसं वेगळ्या कुलपात, आणि दोन्ही किल्ल्या मुलांना ठाऊक नसलेल्या जागी. कपाट पत्र्याच्या खोलीत नको. भुसावळकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, आणि पत्र्याखाली काडतुसं आणि लाकूड दोन्ही खराब होतात. चामड्याच्या म्यानात कायम ठेवू नका. पावसाळ्यात चामडं ओल धरतं आणि गंज नेमका म्यानाखाली चढतो.

तेल कमी लावा. काळ्या मातीची आणि सरकीची बारीक धूळ तेलाला चिकटून ॲक्शनमध्ये लगदा होतो. फडक्याला दोन थेंब पुरतात. नळी दर वेळी घासू नका. दोन-तीनशे गोळ्यांनंतर तेलाचं फडकं फिरवलं तरी चालतं. गज पुढूनच घालावा लागत असेल तर तोंडात बसणारी पितळी किंवा प्लॅस्टिकची टोपी लावून घाला.

निवडणूक जाहीर झाली की शस्त्र जमा करण्याचा आदेश येऊ शकतो. जमा करताना क्रमांकासह पावती घ्या, रायफलीचे चारही बाजूंनी फोटो काढा आणि परत घेताना दस्ता, साइट आणि पितळी नळी ठाण्यातच तपासा. ही नळी सुटी असते आणि हरवली तर जुन्या रायफलीला दुसरी मिळणं फार कठीण. लग्नाच्या वरातीत रायफल नेऊ नका. हर्षाच्या गोळीबारात दुसऱ्याच्या जिवाला धोका झाला तर २०१९ च्या दुरुस्तीनुसार दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही.

परवान्याची मुदत संपण्याची तारीख कपाटाच्या आतल्या बाजूला मोठ्या अक्षरात चिकटवा आणि नूतनीकरणाचा अर्ज त्याच्या दोन महिने आधी द्या.